दूध संस्थेच्या कामाचा फ्लोचार्ट : ५ जून ते ३१ जुलै २०२५ च्या नोंदी

५ जून, गुरुवार

मी आमच्या गावच्या दूध संस्थेत संगणकावर बसते. गाव पन्हाळा तालुक्यात. दोनशेच्या आसपास उत्पादक, म्हशीचं दूध जास्त, गायीचं कमी. मे महिन्यात सचिव आण्णांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन महिने घरी बसायला सांगितलं. आण्णा बावीस वर्षं सचिव आहेत. ते नसताना ११ ते २० मेचं बिल, म्हणजे उत्पादकांचे दहा दिवसांच्या दुधाचे पैसे, सहा दिवस उशिरा जमा झालं. कुणाच्या पेंडीचे किती हप्ते राहिलेत, कुणाची उचल यावेळी कापायची नाही असं ठरलंय, बँकेत यादी कशी द्यायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात. दवाखान्यात फोन करून विचारायला लाज वाटत होती, पण चार वेळा करावाच लागला.

आज कमिटीच्या बैठकीत ठरलं, की संस्थेचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रात काढून भिंतीवर लावायचं. काम माझ्याकडे आलं. मला फक्त बी.कॉम.ला असताना एक आकृती काढल्याचं आठवत होतं. शेजारच्या दुसऱ्या कुठल्या संस्थेला असंच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून या नोंदी ठेवते आहे.

८ जून, रविवार

दोन दिवस ऑफिसात बसून संगणकावर चार्ट काढला. ड्रॉ डॉट आयओ घेतलं. फुकट आहे, आणि संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. आमच्याकडे पावसाळ्यात रेंज जाते, त्यामुळे हे महत्त्वाचं.

एकाच पानावर सगळं बसवलं: दूध आलं, वजन, फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि चरबी सोडून बाकीचे घन पदार्थ), पावती, कूलर, टँकर, दहा दिवसांचं बिल, पेंडीची कपात, बँक. एक्केचाळीस चौकोन झाले. छापून बघितलं तर ए-फोरवर अक्षरं मुंगीएवढी, आणि रेघा एकमेकींवरून गेलेल्या. गर्बरच्या टेस्टच्या (ॲसिड घालून हातानं फॅट मोजायची पद्धत) सगळ्या पायऱ्यासुद्धा मी त्यात घातल्या होत्या: १० मिली ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज. पण गर्बर करायची वेळ आम्हाला महिन्यातून एक-दोनदा येते. रोजच्या रस्त्यातच ते सगळं पसरल्यामुळे रोजचा रस्ता सापडेना.

दोन दिवस गेले. तो कागद ठेवून दिलाय.

९ जून, सोमवार

आज पहाटे साडेपाचला काट्यावर जाऊन उभी राहिले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. इतकी वर्षं मी नऊला येते आणि संगणकात आलेले आकडे बघते. ते आकडे कसे येतात ते कधी उभं राहून बघितलं नव्हतं.

जे बघितलं ते असं. उत्पादक किटली घेऊन येतो, कोड नंबर सांगतो. मापाडी किटली काट्यावरच्या भांड्यात ओततो. वजन पडद्यावर येतं. टेस्टर पळीनं ढवळून छोट्या कपात नमुना घेतो आणि फॅट-एसएनएफच्या मशीनची नळी त्यात बुडवतो. मशीनला आकडा दाखवायला पाऊण ते एक मिनिट लागतं. पण मागं रांग असते. त्यामुळे मापाडी तेवढ्या वेळात भांडं कलंडवतो, दूध गाळणीतून मोठ्या कॅनमध्ये जातं आणि पुढची किटली ओतली जाते.

म्हणजे फॅट कळते तेव्हा दूध आधीच दुसऱ्यांच्या दुधात मिसळलेलं असतं.

आणि माझ्या चार्टमध्ये काय होतं? ‘फॅट-एसएनएफ नियमात आहे?’ असा शंकरपाळी चौकोन, त्यातून ‘नाही’ची रेघ ‘दूध परत’ या चौकोनाकडे गेलेली. कागदावर अगदी बरोबर. पण परत द्यायला दूध असतं कुठं? मी मापाड्याला विचारलं, मग कमी लागलं तर काय करता? तो म्हणाला, “काय करणार ताई, आण्णा बघून घेत्यात.” आण्णा नसताना मे महिन्यात अशा तीन वेळा आल्या आणि तिन्ही वेळा काट्यावर भांडण झालं. पावती फाडायची की नाही, शून्य दर लावायचा की मागच्या दिवसाचा, कुणालाच माहीत नव्हतं.

मला आज खरंच वाईट वाटलं. त्यातलं एक भांडण ज्या बाईच्या दुधावरून झालं, तिला आम्ही दोन दिवस नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो.

१४ जून, शनिवार

संगणक बाजूला ठेवला. पुठ्ठ्याचे पत्त्याएवढे तुकडे कापले, एका तुकड्यावर एक काम, मोठ्या अक्षरात. आधी चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या आणल्या होत्या (८० रुपये), पण जूनच्या ओलीत त्या भिंतीवर एक रात्रही टिकल्या नाहीत, सकाळी सगळ्या फरशीवर. मग थर्माकोलचा एक मोठा ताव (६० रुपये) आणि टाचण्या. हे छान चाललं. तुकडा काढायचा, हलवायचा, परत टोचायचा.

मापाडी, टेस्टर आणि संध्याकाळच्या पाळीचा मुलगा, तिघांना संकलन झाल्यावर अर्धा-अर्धा तास थांबवलं. प्रत्येकाला एकच विचारलं: “तुम्ही हे काम केल्यावर लगेच काय करता?” ‘काय करायला पाहिजे’ असं विचारलं की नियम सांगतात, ‘काय करता’ विचारलं की खरं सांगतात. पहिल्या दिवशी मी चुकीचा प्रश्न विचारत होते, म्हणून सगळे मला छापील दरपत्रकासारखी उत्तरं देत होते.

तीन गोष्टी अशा निघाल्या ज्या मला माहीतच नव्हत्या. एक, मशीनवर गाय-म्हैस बदलायचं बटण आहे, आणि गर्दीत ते दाबायचं राहिलं तर आकडा चुकतो. दोन, फेस असलेला नमुना घेतला तरी आकडा चुकतो, म्हणून टेस्टर किटली ओतल्यावर दोन-चार श्वास थांबतो. नवा माणूस थांबणार नाही. तीन, काटा किलो दाखवतो, दर लिटरला आहे, आणि सॉफ्टवेअर १.०३ नं भागून लिटर करतं. लाईट आणि संगणक दोन्ही गेले की हे हातानं करावं लागतं, आणि संध्याकाळच्या मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ५१.५ किलो म्हणजे ५० लिटर. तो ५१.५ लिटरच धरत होता. मागच्या अंधाराच्या दोन पाळ्यांत संस्थेचं नुकसान झालंय, ते आता शोधून काढणार नाही, पण पुढं होऊ देणार नाही.

१७ जून, मंगळवार

एक चार्ट करायचा विचार सोडला. तीन केले:

पहिला, काट्यावरचा. किटली येण्यापासून पावतीपर्यंत.
दुसरा, कूलर आणि टँकरचा.
तिसरा, दहा दिवसांच्या बिलाचा.

एकातून दुसऱ्यात जायचं तिथं गोलात अक्षर: क, ख, ग. लांब रेघ ओढायची नाही. गर्बरचा एकच चौकोन ठेवला, ‘गर्बरने तपासा, तक्ता ४ बघा’, आणि पायऱ्या वेगळ्या कागदावर ॲसिडच्या कपाटाच्या दाराला आतून लावल्या. जिथं लागतात तिथंच.

त्या गोलाशिवाय चिन्हं तीनच. लांबट गोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट, चौकोन म्हणजे काम, शंकरपाळी म्हणजे प्रश्न. फ्लोचार्टच्या चिन्हांचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ५८०७, १९८५ सालचं. त्यात कितीतरी चिन्हं आहेत. माहिती आत-बाहेर जाण्यासाठी तिरका चौकोन मी आधी वापरला होता. मापाड्यानं विचारलं, “ह्यो वाकडा का काढलाय?” त्याला समजावण्यात जेवढा वेळ गेला त्याच्या बदल्यात त्याला काहीच मिळालं नाही. काढून टाकला.

शंकरपाळीत मी ‘दूध तपासा’ असं लिहिलं होतं. तो प्रश्न नाही. ‘दुधाला वास आहे?’ हा प्रश्न. हो किंवा नाही यापलीकडं उत्तर येणार असेल तर तो प्रश्न फोडायचा. आणि रोजचं सरळ काम नेहमी खाली जाईल, अडचण नेहमी उजवीकडं, असे प्रश्न फिरवून लिहिले. ‘वास आहे?’चं ‘वास ठीक आहे?’ केलं, म्हणजे ‘हो’ खाली आणि ‘नाही’ उजवीकडं. ह्या एका बदलानं चार्ट निम्मा सोपा झाला.

२३ जून, सोमवार

उजवीकडच्या सगळ्या ‘नाही’ मोजल्या. पहिल्या चार्टमध्ये सात. त्यातल्या चारांच्या शेवटी मी ‘सचिवांना विचारा’ लिहिलं होतं. म्हणजे आण्णा आजारी पडले की संस्था बंद पडते, हेच मी चित्रात काढलं होतं.

संध्याकाळी आण्णांच्या घरी गेले. ते आता हिंडतात फिरतात. चारही जागा त्यांना दाखवल्या. ते बराच वेळ कागद बघत बसले. मग एकेक सांगत गेले, मी लिहून घेतलं. वासाची शंका आली तर थोडं दूध उकळून बघायचं, फुटलं तर घ्यायचं नाही, पावतीवर कारण लिहून द्यायचं. सांगताना ते म्हणाले, “मी कुणाला सांगितलंच नाही गं. कुणी विचारलं नाही, आणि मलाही वाटलं नाही.” २०२४ साली गायीच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये सरकारी अनुदान आलं, तेव्हा जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर, आधार आणि बँक खातं जुळवण्याचं सगळं काम त्यांनी एकट्यानं रात्री बसून केलं होतं. कुणाचं अडकलं, कुणाचं झालं, ती वहीसुद्धा त्यांच्या घरच्या फडताळात होती. ती आज मला दिली.

चौथ्या ‘नाही’ला मात्र त्यांच्याकडंही उत्तर नव्हतं. ती म्हणजे फॅट-एसएनएफ किमानपेक्षा कमी आल्यावर दूध परत द्यायची. “दूध मिसळलेलं असतंय, मग मी तडजोड करतो,” म्हणाले. तडजोड चौकोनात लिहिता येत नाही.

२ जुलै, बुधवार

चेअरमनना मी काट्यावर घेऊन गेले. अर्धा तास उभे राहिले, स्वतः बघितलं, आणि तिथंच म्हणाले, भांडं आणा.

स्टीलचं दुसरं भांडं आणलं, १,८५० रुपये. आता वजन झाल्यावर दूध कॅनमध्ये जात नाही, शेजारच्या भांड्यात थांबतं. आकडा येतो, पावती निघते, मग कॅन. दोन भांडी आलटून पालटून चालतात, त्यामुळे रांगही फारशी लांबली नाही. पहिल्या दोन सकाळी वीस मिनिटं उशीर झाला, आता पाच-सात मिनिटांवर आलाय. मापाड्याला एक भांडं जास्त धुवायला लागतं, त्याची त्याने तक्रार केली आणि ती बरोबर आहे. त्याला त्याबद्दल काय द्यायचं ते कमिटी ठरवणार आहे.

आता ‘नाही’ची रेघ जिथं जाते तिथं खरंच दूध असतं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

चार्ट बोट ठेवून तपासायचा. म्हणजे ज्याला काम माहीत नाही अशा माणसाला चार्ट द्यायचा आणि त्याने फक्त बोट फिरवत काम करायचं, आपण गप्प बसायचं. गप्प बसणं फार अवघड गेलं मला. नणंदेचा मुलगा बारावीला आहे, त्याला बसवलं. दोनदा अडकला. एकदा ‘नोंद करा’ इथं: कशात नोंद? वहीत की संगणकात? एकदा कूलरच्या चार्टमध्ये: दूध ४ अंशांवर आणायचं लिहिलंय, पण लाईट गेल्यावर जनरेटर कुणी सुरू करायचा? कामाचा चौकोन आहे, माणूस नाही. सगळ्या चौकोनांत माणूस घातला. ‘टेस्टर : नमुना ढवळून घेतो, फेस जाऊ देतो.’ आधी मी प्रत्येक माणसाची वेगळी पट्टी आखून बघितली होती, पण पाच पट्ट्यांत ए-थ्रीवरसुद्धा अक्षर बारीक होतं. चौकोनातच माणूस लिहिणं आमच्या भिंतीला बरं पडलं.

आणि आज दुपारी एक आक्का आल्या, सत्तरीच्या, दोन म्हशी आहेत. उपवासाचं केळं हातात होतं. मी टाचण्या लावत होते ते बघून विचारलं हे काय. मी बोटानं दाखवत वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पोरी, माझी फॅट काल सात लागली आन् आज साडेपाच. म्हस तीच, वैरण तीच. मी कुनाला इचारायचं, ते ह्यात कुठं हाय?”

कुठंच नव्हतं. तीन आठवडे झाले होते, मापाडी, टेस्टर, सचिव, टँकर सगळे त्यात होते. ज्यांचं दूध आहे त्यांना चार्टमध्ये फक्त किटली घेऊन यायचं आणि पावती घेऊन जायचं होतं.

रात्री बसून नवी शंकरपाळी घातली: ‘उत्पादकाला आकडा मान्य आहे?’ हो तर दूध कॅनमध्ये. नाही तर टेस्टर भांड्यातलं दूध पुन्हा ढवळून दुसरा नमुना उत्पादकासमोर लावतो. तरी मान्य नाही तर गर्बर. हे शक्य झालं ते त्या दुसऱ्या भांड्यामुळेच. आधी दुसरा नमुना घ्यायला दूधच शिल्लक नसायचं.

११ जुलै, शुक्रवार

छपाईत बरेच दिवस आणि पैसे गेले, ते लिहून ठेवते.

फ्लेक्सवाल्याला एसव्हीजी फाइल दिली. त्याच्या संगणकावर चौकोन सगळे आले आणि आत अक्षर एकही नाही, नुसती इंग्रजीत सूचना, की ही अक्षरं दाखवता येत नाहीत. त्याने ते न बघता तसंच ४ बाय ३ फुटांचं छापलं. २४० रुपये गेले. कारण नंतर सापडलं: ड्रॉ डॉट आयओ अक्षरं वेगळ्या पद्धतीनं साठवतं, प्रत्येक चौकोनाचं ‘वर्ड रॅप’ आणि ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ बंद केलं तरच ती इतर प्रोग्राममध्ये दिसतात. ते बंद केलं तर ओळी आपल्या आपण तोडाव्या लागतात.

दुसऱ्यांदा त्याने माझा मजकूर त्याच्या जुन्या फाँटात घेतला. किटलीची वेलांटी टच्या पुढं गेली आणि ‘पुन्हा’चं जोडाक्षर फुटलं. शेवटी मी युनिकोडच्या ‘मुक्ता’ फाँटात ठेवून ३०० डीपीआयची पीएनजी काढून दिली. चित्रच आहे म्हटल्यावर बदलायला काही राहिलंच नाही. नीट आलं.

फ्लेक्स मात्र घेतलं नाही. काट्याच्या बल्बखाली ते चकाकतं आणि नेमकी मधली ओळ दिसत नाही. ए-थ्री रंगीत प्रिंट आणि त्याला मॅट लॅमिनेशन, तीन चार्टचे मिळून ३०० रुपये. डोळ्याच्या उंचीला लावले. पहिला काट्याच्या डाव्या भिंतीला, कारण टेस्टर उजवीकडं मशीनकडं तोंड करून उभा असतो आणि वळला की समोर तोच दिसायला हवा.

१९ जुलै, शनिवार

बिलाचा चार्ट अजून पूर्ण नव्हता कारण त्यात ‘चेअरमन आणि सचिव : सह्या’ असा चौकोन होता आणि त्याच्या ‘सचिव हजर आहेत?’ या प्रश्नाची ‘नाही’ कुठंच जात नव्हती. हे चार्टनं सुटणारं नव्हतं. बँकेला तिसरा सही करणारा लागतो, त्यासाठी कमिटीचा ठराव, नमुना सह्या, कागदपत्रं. ठराव ३ जुलैला झाला, बँकेचं काम काल झालं. सोळा दिवस. आता ती रेघ एका संचालकांपर्यंत जाते आणि त्यांना फोन करून मी खात्री केली की त्यांना हे माहीत आहे.

पेंडीच्या कपातीचे चौकोन सगळ्यात शेवटी केले. ‘उचल बाकी आहे?’ हो असेल तर ‘यावेळी कपात थांबवायची असं ठरलंय?’ आण्णांच्या डोक्यातलं हे सगळं आता एका वहीत आहे, आणि चौकोनात लिहिलंय, ‘लाल वही, उजवा खण’.

१ ते १० जुलैचं बिल चार्टवर बोट ठेवत मी आणि संध्याकाळच्या मुलाने मिळून केलं. वेळेत गेलं. आण्णांना एकही फोन केला नाही.

३१ जुलै, गुरुवार

काल संध्याकाळी टेस्टरनं विचारलं, “ताई, बिल आज बंद करायचं का उद्या?” मी चार्टमध्ये लिहिलं होतं: १० तारीख, २० तारीख, ३० तारीख. जुलैला ३१ दिवस. जूनला चूक कळली नाही कारण जून तीसचा. काल बंद केलं असतं तर आजच्या दोन पाळ्यांचं दूध ऑगस्टच्या बिलात गेलं असतं. लॅमिनेशनवर मार्करनं खोडून ‘महिनाअखेर’ लिहिलं. पुढच्या छपाईत दुरुस्त करीन. म्हणून खाली कोपऱ्यात आवृत्ती आणि तारीख घातली आहे, आणि मार्कर दोरीला बांधून शेजारी लटकवलाय. जो अडकेल त्याने तिथंच लिहायचं, मी महिन्यातून एकदा बघणार.

आजवरचा खर्च: चिठ्ठ्या ८०, थर्माकोल आणि टाचण्या ९५, फुकट गेलेलं फ्लेक्स २४०, प्रिंट आणि लॅमिनेशन ३००, भांडं १,८५०. एकूण २,५६५ रुपये. वेळ आठ आठवडे, त्यातले पहिले दोन दिवस ऑफिसात बसून घालवले.

भांड्यात दूध थांबायला लागल्यापासून अकरा जणांनी दुसरा नमुना मागितला. आठ वेळा आकडा तोच आला. दोनदा फेसामुळं चुकला होता, एकदा मशीन गायीवर राहिलं होतं. त्या आक्का त्यातल्याच एक. त्यांची दुसऱ्यांदा ६.९ लागली.

टँकरच्या चार्टमध्ये एक ‘नाही’ अजून उघडी आहे: पुढं दूध नाकारलं गेलं तर तोटा कुणी सोसायचा. तिथं मी रेघ अर्धीच ठेवून लाल प्रश्नचिन्ह काढलंय. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय घेतलाय.